थांबण्याची मुभा आणि तिची किंमत : अ‍ॅडोबीच्या वर्गणी-धोरणाचा प्रकरण अभ्यास

६ मे २०१३ रोजी लॉस एंजेलिस येथील आपल्या परिषदेत अ‍ॅडोबी कंपनीने जाहीर केले की छायाचित्रांसाठीचे फोटोशॉप, चित्रांसाठीचे इलस्ट्रेटर, पानांच्या मांडणीसाठीचे इनडिझाइन या सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्त्या एकरकमी विकल्या जाणार नाहीत. २०१२ मध्ये आलेला ‘क्रिएटिव्ह सूट ६’, म्हणजे सीएस ६, हा एकदा पैसे भरून कायमचा घेता येणारा शेवटचा संच ठरला. त्यानंतरचे सारे काही ‘क्रिएटिव्ह क्लाउड’ या नावाने, दरमहा किंवा दरसाल वर्गणी भरूनच मिळणार होते. या घोषणेविरुद्ध हजारो वापरकर्त्यांनी ऑनलाइन निवेदनावर सह्या केल्या आणि छायाचित्रकार, मांडणीकार, चित्रफीत-संपादक यांच्यात असंतोष पसरला. कंपनीने मात्र निर्णय बदलला नाही. पुढच्या दशकात सॉफ्टवेअर विकणाऱ्या इतर अनेक कंपन्या त्याच वाटेने गेल्या, आणि म्हणून वर्गणीबद्दलची ग्राहकांची चीड नेमकी कशातून येते हे समजून घ्यायला या प्रकरणाइतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

ही चीड केवळ महागाईविरुद्धची तक्रार आहे, असे सहसा गृहीत धरले जाते. महागाईचा भाग त्यात आहेच. परंतु या प्रकरणातील घटना क्रमाने पाहिल्या, तर ग्राहकाला सर्वाधिक खुपलेली गोष्ट वेगळी दिसते. जुन्या व्यवहारात नवी आवृत्ती घ्यायची की नाही आणि घ्यायची तर केव्हा, हे ग्राहक ठरवत असे. वर्गणीने तो निर्णय त्याच्याकडून काढून घेतला आणि बाहेर पडण्यावरही शुल्क बसवले गेले.

जुना व्यवहार

सीएस ६ च्या काळात अमेरिकेत एकट्या फोटोशॉपची किंमत ६९९ डॉलर होती आणि जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जाण्यासाठी १९९ डॉलर पडत. सर्व सॉफ्टवेअर असलेला ‘मास्टर कलेक्शन’ संच २,५९९ डॉलरना मिळे. नवी आवृत्ती साधारण दीड ते दोन वर्षांनी येत असे, पण ती प्रत्येक वेळी घेतलीच पाहिजे असे बंधन नव्हते. कंपनीचे बरीच वर्षे असे धोरण होते की मागील तीन आवृत्त्यांपैकी कोणतीही तुमच्याकडे असली, तरी सवलतीचा दर मिळे. त्यामुळे काटकसरी ग्राहक मधल्या दोन आवृत्त्या सोडून देत आणि तिसरी घेत. दीड वर्षाला एक आवृत्ती धरली, तर साडेचार वर्षांतून एकदा १९९ डॉलर, म्हणजे वर्षाला सुमारे ४४ डॉलर, एवढ्यावर त्याचे काम भागे. प्रत्येक आवृत्ती घेणाऱ्यालाही वर्षाला सुमारे १३३ डॉलरच पडत. एकट्या फोटोशॉपची वर्गणी महिना १९.९९ डॉलर, म्हणजे वर्षाला जवळपास २४० डॉलर, अशी ठरली तेव्हा या दोन्ही प्रकारच्या ग्राहकांना आपला खर्च किती वाढतो आहे हे लगेच कळले.

या हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती आकड्यांहून मोलाची आहे. ग्राहक आवृत्ती सोडून देऊ शकत होता, म्हणून कंपनीला दर खेपेस त्याची खात्री पटवावी लागे. नव्या आवृत्तीत उपयोगाचे काही नसेल तर लोक ती घेत नसत आणि त्याचा परिणाम कंपनीच्या ताळेबंदात दिसे. ग्राहकाकडे दुसरे कोणतेही हत्यार नव्हते. संघटना नव्हती, वाटाघाटीला बसण्याची सोय नव्हती. ‘या वेळी नको’ म्हणण्याची मुभा तेवढी होती, आणि ती पुरेशी होती.

त्या मुभेवर पहिला घाव २०१३ च्या आधीच पडला होता. नोव्हेंबर २०११ मध्ये अ‍ॅडोबीने जाहीर केले की सीएस ६ साठी सवलतीचा दर फक्त सीएस ५ आणि सीएस ५.५ वापरणाऱ्यांनाच मिळेल. तीन आवृत्त्या मागे राहण्याची सोय अशा रीतीने बंद होणार होती. त्यावर इतका गदारोळ झाला की जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने एक पाऊल मागे घेतले आणि सीएस ३ व सीएस ४ वापरणाऱ्यांनाही ३१ डिसेंबर २०१२ पर्यंत सवलत दिली. हा प्रसंग या अभ्यासात मला कळीचा वाटतो. आवृत्त्यांच्या धोरणाबाबत ग्राहक ओरडले आणि कंपनी मागे सरली, असे या प्रकरणात ठळकपणे घडलेले ते शेवटचे उदाहरण; पुढच्या सव्वा वर्षातच आवृत्ती ‘न घेण्याचा’ पर्यायच संपवून टाकण्यात आला.

कंपनीची बाजू

कंपनीची बाजू अगदीच पोकळ होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोठी आवृत्ती तयार होईपर्यंत तयार सुविधा दोन वर्षे अडकून पडत; वर्गणीत त्या जशा तयार होतील तशा देता येतात. चोरीच्या प्रतींचे प्रमाण मोठे होते. नव्याने व्यवसायात उतरणाऱ्या तरुणाला २,५९९ डॉलर एकदम उभे करणे अशक्य असे, त्याला वार्षिक करारावर महिना ४९.९९ डॉलर भरून सगळा संच हाती घेता येऊ लागला. तो संच एकरकमी घ्यायला जेवढी रक्कम लागे, तेवढी वर्गणीत जायला चार वर्षांहून अधिक काळ लागे. शिवाय सप्टेंबर २०१३ मध्ये छायाचित्रकारांच्या रोषाची दखल घेऊन फोटोशॉप आणि लाइटरूम मिळून महिना ९.९९ डॉलर असा स्वस्त पर्यायही आणला गेला. या पर्यायाने अनेकांचा राग शांत झाला आणि तो दर अकरा वर्षांहून अधिक काळ टिकला.

म्हणजे नवख्या ग्राहकाचा फायदा झाला आणि जुन्या, काटकसरी, निष्ठावंत ग्राहकाचा तोटा झाला. ज्याने पंधरा-वीस वर्षे एकेक आवृत्ती विकत घेऊन कंपनीला वाढवले, त्यालाच वर्गणी सर्वांत महाग पडली. रागाची तीव्रता इथून येते. एखाद्या वस्तूचा भाव वाढला तर ग्राहक कुरकुरतो. आपण आजवर घातलेला पैसा हिशेबात धरलाच जात नाही असे दिसले, की त्याला फसवले गेल्याची भावना होते.

कंपनीला या निर्णयाची किंमत सुरुवातीला मोजावी लागली. आर्थिक वर्ष २०१२ मध्ये ४.४० अब्ज डॉलर असलेले उत्पन्न २०१३ मध्ये ४.०६ अब्जांवर आले आणि निव्वळ नफा ८३ कोटी ३० लाख डॉलरवरून २९ कोटींवर घसरला. एकरकमी विक्री थांबून हप्त्याहप्त्याने पैसे येऊ लागले की असे होणे साहजिकच होते, आणि व्यवस्थापनाने गुंतवणूकदारांना त्याची पूर्वकल्पना दिली होती. पुढे मात्र चित्र पालटले. आर्थिक वर्ष २०२३ मध्ये उत्पन्न १९.४१ अब्ज डॉलर झाले आणि त्यातील सुमारे ९४ टक्के वर्गणीतून आले; २०२४ मध्ये ते २१.५१ अब्जांवर पोहोचले. संतापलेले ग्राहक निघून गेले असते तर हे आकडे दिसले नसते. ते गेले नाहीत, आणि का गेले नाहीत हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

त्याकडे वळण्याआधी त्या अकरा वर्षे टिकलेल्या दराचे पुढे काय झाले ते नोंदवून ठेवतो. २० जीबी साठवण असलेला तो छायाचित्रण-पर्याय जानेवारी २०२५ पासून नव्या ग्राहकांसाठी बंद झाला. जुन्या ग्राहकांपैकी जे दरमहा पैसे भरत, त्यांचा दर ९.९९ वरून १४.९९ डॉलर झाला. वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्यांचा दर तोच राहिला. दीडपट झालेला हप्ता नाकारायचा असेल तर एक तर वर्षाची रक्कम आगाऊ द्यायची किंवा सॉफ्टवेअर सोडायचे, असे दोनच मार्ग उरले. जुन्या काळी असा भाव वाढला असता तर ग्राहक आपल्याकडच्या आवृत्तीवर आणखी दोन वर्षे काढू शकला असता.

मालकी नसण्याचे अनुभव

वर्गणीत सॉफ्टवेअर संगणकावरच असते, पण ते चालावे की नाही हे कंपनीच्या सर्व्हरवरून ठरते. वार्षिक वर्गणीदाराचे सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय सुमारे ९९ दिवस आणि मासिक वर्गणीदाराचे सुमारे ३० दिवस चालत राहते, त्यानंतर परवान्याची खातरजमा लागते. या व्यवस्थेत काय काय होऊ शकते, हे काही घटनांनी दाखवून दिले.

ऑक्टोबर २०१३ मध्ये अ‍ॅडोबीच्या यंत्रणेत घुसखोरी झाली आणि कंपनीने नंतर मान्य केल्याप्रमाणे ३ कोटी ८० लाख सक्रिय वापरकर्त्यांची खाती तिच्या तडाख्यात सापडली. सुमारे २९ लाख ग्राहकांची सांकेतिक स्वरूपात साठवलेली कार्डांची माहितीही घुसखोरांच्या हाती लागली. वर्गणीच्या सक्तीची घोषणा होऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. मे २०१४ मध्ये लॉग-इनची यंत्रणा एक दिवसाहून अधिक काळ बंद पडली. ज्यांच्या संगणकावर परवान्याची खातरजमा आधीच झालेली होती त्यांचे काम चालू राहिले, बाकीच्यांचे अडले.

सर्वांत बोलका प्रसंग व्हेनेझुएलाचा. अमेरिकी सरकारने ऑगस्ट २०१९ मध्ये त्या देशावर निर्बंध घातले आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला अ‍ॅडोबीने तेथील सर्व खाती २८ तारखेनंतर बंद होतील असे कळवले. भरलेले पैसेही परत मिळणार नाहीत, असे आधी सांगण्यात आले. पुढे ती भूमिका बदलली आणि परतफेडीचे आश्वासन दिले गेले. अखेरीस ऑक्टोबर संपता संपता अमेरिकी सरकारची परवानगी मिळाल्याने सेवा चालू राहिली. दोष इथे कंपनीचा कमी आणि सरकारी आदेशाचा जास्त होता, हे खरेच आहे. तरीही काराकासमधील ज्या मांडणीकाराकडे सीएस ६ चा कायमचा परवाना होता त्याच्या टेबलावरचे काम त्या महिन्यात थांबण्याचे कारण नव्हते, आणि शेजारच्या वर्गणीदाराला मात्र तीन आठवडे आपल्या फायली वाचवण्याची धावपळ करावी लागली.

कायमचा परवानाही पूर्णपणे कायमचा नसतो, हेही इथे सांगितले पाहिजे. अ‍ॅडोबीने जुन्या सीएस २ चे सक्रियीकरण-सर्व्हर बंद केले तेव्हा मालकांसाठी सर्व्हरशिवाय चालणारी प्रत उपलब्ध करून द्यावी लागली. मॅकवर सीएस ६ वापरणाऱ्यांना २०१९ च्या कॅटालिना प्रणालीनंतर जुना संगणक जपून ठेवण्याखेरीज उपाय राहिला नाही. फरक एवढाच की तिथे काळ हळूहळू पुढे सरकतो आणि ग्राहकाला तयारीला वर्षे मिळतात.

बाहेर पडण्याचे शुल्क

१७ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या आयोगाने पाठवलेल्या प्रकरणावरून तेथील न्याय विभागाने कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात अ‍ॅडोबी आणि तिच्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांविरुद्ध दावा दाखल केला. आधार होता ऑनलाइन ग्राहकांच्या विश्वासाच्या रक्षणासाठी २०१० मध्ये झालेला कायदा, ज्यानुसार आपोआप नूतनीकरण होणाऱ्या वर्गणीच्या सर्व महत्त्वाच्या अटी पैसे घेण्यापूर्वी स्पष्ट सांगाव्या लागतात आणि ती थांबवण्याचा सोपा मार्ग द्यावा लागतो.

दाव्याचा रोख ज्या पर्यायावर होता, त्याचे नाव ‘वार्षिक, दरमहा भरणा’ असे होते. नोंदणीच्या पानावर तीन पर्याय दिसत : महिन्याचा, वर्षाचा दरमहा भरण्याचा, आणि वर्षाचा एकदम भरण्याचा. त्यातला मधला पर्याय आधीच निवडलेला असे. शुद्ध मासिक पर्यायापेक्षा त्याचा हप्ता बराच कमी असल्याने आणि पैसे दरमहाच जात असल्याने घाईतल्या माणसाला तो मासिक वर्गणीच वाटे. प्रत्यक्षात तो वर्षभराचा करार होता. पहिले १४ दिवस उलटल्यावर वर्ष संपण्यापूर्वी तो सोडला, तर उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम भरावी लागे. सरकारच्या म्हणण्यानुसार ही अट बारीक अक्षरांत, दुव्यामागे किंवा छोट्या चिन्हावर माउस नेल्यावर उघडणाऱ्या चौकटीत ठेवलेली होती.

आकडा मांडून पाहू. अमेरिकेत सर्व सॉफ्टवेअरच्या संचाचा या पर्यायातील हप्ता तेव्हा ५९.९९ डॉलर होता. चार हप्ते भरून कोणी थांबायचे ठरवले, तर उरलेल्या आठ हप्त्यांचे ४७९.९२ डॉलर होतात आणि त्यांचे निम्मे २३९.९६. चार महिने वापरण्यासाठी जेवढे भरले, नेमके तेवढेच थांबण्यासाठी भरायचे.

थांबण्याचा मार्गही सरळ नव्हता, असे दाव्यात म्हटले होते. पुन्हा पासवर्ड, मग कारण विचारणारे पान, मग सवलतीचा देकार, मग इशारा, अशी पानांमागून पाने ओलांडावी लागत. ग्राहक-सेवेला फोन केला तर तो तुटे किंवा एकाकडून दुसऱ्याकडे वळवला जाई, आणि वर्गणी बंद झाली असे समजून बसलेल्या काहींच्या खात्यातून पुढेही पैसे जात राहिले. अ‍ॅडोबीने हे आरोप नाकारले. आपल्या अटी पारदर्शक आहेत, रद्द करण्याची पद्धत साधी आहे आणि या शुल्कातून जगभरच्या उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी रक्कम येते, असे तिचे म्हणणे होते.

हा शेवटचा मुद्दा मला फार विचार करण्याजोगा वाटतो. आधी काळे करून झाकलेला मजकूर उघड करणारी दाव्याची प्रत पुढे खुली झाली, तेव्हा त्यात कंपनीतल्याच एका अधिकाऱ्याचे बोलणे उद्धृत केलेले आढळले. या शुल्काला त्याने कंपनीसाठी काहीसे हेरॉइनसारखे म्हटले होते आणि ते काढून टाकले किंवा उघडपणे सांगितले तर धंद्याला मोठा फटका बसेल, असे त्याचे म्हणणे होते. अर्धा टक्का उत्पन्न आणि मोठा फटका, या दोन गोष्टी वरवर जुळत नाहीत. पण त्या जुळू शकतात. शुल्काची कमाई प्रत्यक्ष वसूल झालेल्या पैशांत मोजायची नसते. शुल्काचा आकडा पाहून जे वर्गणीदार ‘राहू दे, वर्ष पूर्ण करू’ म्हणून मागे फिरतात, त्यांचे हप्ते हीच त्याची खरी कमाई असते, आणि ती ताळेबंदात साध्या वर्गणीच्या खात्यावर जमा होते.

जून २०२४ च्या त्याच महिन्यात आणखी एक भडका उडाला होता. बदललेल्या अटी मान्य केल्याखेरीज सॉफ्टवेअर उघडेना, आणि त्या अटींच्या भाषेवरून कंपनी आपल्या फायली पाहू शकेल आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणाला वापरेल अशी भीती अनेकांना वाटली. कंपनीने खुलासे केले आणि अटींची भाषा सुधारली. घाईच्या कामाच्या मध्यावर असलेल्या माणसासमोर ‘मान्य’ म्हणण्याखेरीज इलाज नसतो, ही गोष्ट मात्र त्या खुलाशांनी बदलली नाही.

मराठी अक्षरजुळणीच्या टेबलावरून

ग्राहक का गेले नाहीत, याचे उत्तर महाराष्ट्रातल्या कोणत्याही डीटीपीच्या, म्हणजे संगणकावरील अक्षरजुळणीच्या, दुकानात बसून मिळू शकते. नव्वदच्या दशकापासून इथले काम पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरवर चाले. श्री-लिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम हे मराठी फॉन्टांचे सॉफ्टवेअर घ्यायचे, त्याचे डोंगल, म्हणजे परवान्याची चावी, संगणकाला लावायचे आणि लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळे त्यात जुळवायचे. त्या फॉन्टांत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत, त्यामुळे सॉफ्टवेअरला मराठी समजण्याची गरज नव्हती. पेजमेकरची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ मधली. ती पुढे कितीतरी वर्षे या दुकानांत चालत राहिली. पुष्कळ ठिकाणी प्रती विनापरवाना होत्या, हेही लपवण्यात अर्थ नाही. वर्गणीच्या धोरणाचा भार म्हणूनच मुख्यतः परवाना घेऊन काम करणाऱ्यावर पडला.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत, आल्यावर परिस्थिती बदलली. प्रकाशकाला तोच मजकूर छापील पुस्तकात, ई-पुस्तकात आणि संकेतस्थळावर हवा असतो, आणि त्यासाठी युनिकोडला पर्याय नाही. पण युनिकोड देवनागरी पानावर नीट उमटायची तर सॉफ्टवेअरला लिपीचे नियम माहीत असावे लागतात. ते नसतील तर ‘कि’ची पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे जाण्याऐवजी उजवीकडे पडते, ‘क्ष’ फुटून पाय मोडलेला ‘क’ आणि सुटा ‘ष’ दिसतो, रफार नको तिथे जातो. इनडिझाइनमध्ये यासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा ओळी जुळवण्याचा पर्याय निवडावा लागतो. सीएस ६ मध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांना अधिकृत आधार मिळाला. मराठी मांडणीकाराला उपयोगाची अशी आवृत्ती जेव्हा प्रथम हाती आली, तेव्हा ती एकरकमी मिळणारी शेवटची आवृत्ती होती. त्यापुढची प्रत्येक सुधारणा वर्गणीदारासाठीच.

पाश्चात्त्य ग्राहक रागावून प्रतिस्पर्धी सॉफ्टवेअर असलेल्या अ‍ॅफिनिटीकडे वळला, कारण ती वाजवी दरात आणि कायमच्या परवान्यावर मिळे. मराठी माणसाला ती वाटही अनेक वर्षे बंद होती, कारण देवनागरीची जोडाक्षरे अ‍ॅफिनिटीत फुटत. स्क्राइबस हे मुक्त सॉफ्टवेअर, त्याच्या १.५ मालिकेतील प्रायोगिक आवृत्त्यांत अशा लिपींचा आधार आला आणि स्थिर स्वरूपात तो २०२४ च्या जानेवारीत निघालेल्या १.६ मधून मिळाला. म्हणजे रागावण्याचा हक्क इंग्रजीत काम करणाऱ्यालाही होता आणि आपल्यालाही होता, पण रागावून निघून जाण्याची सोय आपल्याला दहा वर्षे उशिरा मिळाली. पर्याय निवडताना दुकानदार पहिल्यांदा किंमत पाहत नाही. ‘ऱ्य’ आणि ‘र्‍ह’ बरोबर उमटतात का, हे पाहतो.

दुसरी अडचण फायलींची. इनडिझाइनच्या नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. छापखाना नव्या आवृत्तीवर गेला की त्याच्याकडून आलेली फाइल उघडायला तुम्हालाही जावे लागते. वर्गणी थांबवली तर मागील आठ-दहा वर्षांत जुळवलेल्या पुस्तकांच्या फायली तुमच्याच संगणकावर असतात आणि तुम्हालाच उघडता येत नाहीत. भाड्याची खोली सोडताना माणूस आपले सामान घेऊन निघतो. इथे सामान मिळते, पण त्याच्या ट्रंकेची किल्ली घरमालकाकडे राहते. प्रकाशकाने दुसऱ्या आवृत्तीसाठी चार पानांत दुरुस्ती सांगितली, तर त्या चार पानांसाठी पुन्हा वर्गणी भरावी लागते.

आणि हे काम बारमाही सारखे नसते. दिवाळी अंकांचे दोन-तीन महिने, लगीनसराईचे काही, निवडणूक असेल तर फलकांचे काही आठवडे, यांत वर्षाची बरीचशी कमाई होते. मधले महिने कोरडे जातात. अशा धंद्याला वर्षभराचा करार मुळातच सोयीचा नाही, आणि शुद्ध मासिक पर्याय घ्यावा तर त्याचा दर अमेरिकेत २०२४ मध्ये वार्षिक कराराच्या हप्त्याच्या दीडपट ठेवलेला होता : ५९.९९ च्या जागी ८९.९९ डॉलर. ज्याची कमाई अनियमित आहे, त्याच्याकडूनच जास्त घेतले जाते. वर्गणीच्या समर्थनात ‘लवचिकता’ हा गुण नेहमी सांगितला जातो, पण ती लवचिकता वेगळी किंमत लावून विकली जाते हे ग्राहकाने पाहिलेले असते.

भारतीय नियमांचा आधार

अमेरिकी दाव्याचा इथल्या ग्राहकाला थेट उपयोग नाही, पण दोन भारतीय नियम त्याच्या कामाचे आहेत. पहिला रिझर्व्ह बँकेचा. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप जाणाऱ्या हप्त्यासाठी ग्राहकाची रीतसर संमती नोंदवावी लागते, पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते आणि त्या सूचनेतून हप्ता थांबवण्याची सोय ठेवावी लागते. सुरुवातीला ५,००० रुपयांपुढील हप्त्याला दर वेळी ओटीपी लागे. जून २०२२ मध्ये ती मर्यादा १५,००० रुपये झाली. नियम लागू झाला तेव्हा अनेक परदेशी सेवांचे हप्ते अडले आणि लोकांनी त्या गैरसोयीबद्दल रिझर्व्ह बँकेला बोल लावला. मला तो नियम ग्राहकाच्या बाजूचा वाटतो. विसरलेल्या वर्गणीची आठवण देणारा संदेश कंपनीवर न सोपवता बँकेवर सोपवला गेला, हे त्याचे मोठे काम आहे.

दुसरा नियम केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि असे तेरा प्रकार नावानिशी सांगितले. त्यात वर्गणीचा सापळा हा एक स्वतंत्र प्रकार आहे : रद्द करण्याचा पर्याय लपवणे, ती प्रक्रिया गुंतागुंतीची करणे किंवा तिच्या सूचना संदिग्ध ठेवणे. सॉफ्टवेअरच्या आवर्ती बिलाचा गैरवापर हाही वेगळा प्रकार आहे. मोफत चाचणी संपून पैसे सुरू झाल्याचे न कळवणे त्यात येते. भारतात वस्तू वा सेवा देणाऱ्या सर्व मंचांना ही तत्त्वे लागू आहेत, मग मंच परदेशी का असेना. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

या नियमांची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. बँकेकडून हप्ता थांबवला म्हणून करार संपत नाही. वर्षभराच्या करारात कंपनी उरलेली रक्कम मागू शकते. आणि दोन्ही नियम बाहेर पडण्याच्या दाराबद्दल आहेत. नवी आवृत्ती नाकारून जुनी वापरत राहण्याची जी मुभा २०१३ मध्ये गेली, ती परत देणारा कोणताही नियम इथे नाही.

म्हणून दुकानापुरते जे हाती आहे ते आधीच करून ठेवणे शहाणपणाचे आहे. करार घेताना ‘वार्षिक, दरमहा’ आणि ‘मासिक’ यांतला फरक त्या पानाचे चित्र टिपून जपून ठेवावा, आणि नूतनीकरणाची तारीख दिनदर्शिकेवर तीन आठवडे आधी लिहावी. पूर्ण झालेले प्रत्येक पुस्तक इनडिझाइनच्या स्वतःच्या फाइलबरोबर आयडीएमएल स्वरूपातही साठवावे, कारण ती फाइल सीएस ४ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत उघडते; छापायची पीडीएफ आणि मूळ युनिकोड मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये वेगळा ठेवावा. एखादे छोटे काम, पन्नास-साठ पानांची स्मरणिका किंवा संस्थेचा अहवाल, आतापासून स्क्राइबसमध्ये जुळवून पाहावे आणि छापखान्याकडून त्याची पीडीएफ तपासून घ्यावी. पुढच्या नूतनीकरणाची सूचना येईल तेव्हा ‘या वेळी नको’ म्हणता येते का, हे त्या कामाच्या अनुभवावरून ठरवता येईल.